क्लॅरिनेटचा हरवलेला षड्ज

मोझार्टनं २९ सप्टेंबर १७८९ ही तारीख घालून स्वतःच्या वहीत एका नव्या रचनेची नोंद केली. दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो आणि एक क्लॅरिनेट. ए मेजर. आज ती 'क्लॅरिनेट क्विंटेट, के. ५८१' म्हणून ओळखली जाते. पाश्चात्त्य संगीताशी तुमचा फारसा संबंध नसला तरी ती कानावरून गेली असण्याची शक्यता आहे. अमेरिकेतल्या मंडळींपैकी कुणी 'मॅश' ही जुनी मालिका पाहिली असेल, तर तिच्या शेवटच्या भागात मेजर विंचेस्टर युद्धकैदी चिनी वादकांकडून जे बसवून घेतो, ते हेच.

आता गंमत बघा. इतक्या प्रसिद्ध रचनेतलं क्लॅरिनेट नेमकं काय वाजवतं, हे आपल्याला पूर्णपणे माहीत नाही. मोझार्टचं हस्तलिखित हरवलंय. १८०२ मध्ये, म्हणजे मोझार्ट गेल्यावर अकरा वर्षांनी, जे छापलं गेलं तेच तेव्हापासून जगभर वाजतंय. आणि त्या छापील प्रतीत क्लॅरिनेटच्या ओळी बदललेल्या आहेत असं मानायला भक्कम कारणं आहेत. ज्या वाद्यासाठी ते लिहिलं होतं, ते तोपर्यंत बाजारात मिळतच नव्हतं.

पॉडकास्टवर बोलताना वाद्याच्या रचनेचा भाग घाईत उरकावा लागतो, आकृती काढून दाखवता येत नाही. म्हणून इथे जरा सावकाश. सुरुवात क्लॅरिनेटच्या नळीपासून करू, कारण सगळी भानगड तिथे आहे.

आपल्याकडे क्लॅरिनेट म्हटलं की आधी आठवतो लग्नाचा बँड. वरातीपुढे गल्लीभर घुमणारं ते काळं, चकचकीत कळांचं वाद्य. दिसायला सनईचं भावंड वाटतं, पण आतून दोन्ही अगदी वेगळी. सनईची नळी शंकूसारखी रुंदावत जाते. क्लॅरिनेटची जवळपास सगळी सरळ, एकाच व्यासाची. एका टोकाला रीड असल्यामुळे ध्वनीच्या दृष्टीनं ते टोक बंद. अशा नळीचा एक विचित्र गुणधर्म आहे. बासरीत जोरात फुंकलं की तोच स्वर वरच्या सप्तकात मिळतो: सा वाजत असेल तर वरचा सा. क्लॅरिनेटमध्ये वरचा सा मिळत नाही. मिळतो त्याच्याही पलीकडचा पंचम. खालचा सा आणि हा प यांच्यात १९ अर्धस्वरांचं अंतर आहे.

म्हणजे बासरीवाल्याला एका सप्तकापुरती भोकं पुरतात, वरचं सप्तक त्याच बोटांनी मिळतं. क्लॅरिनेटवाल्याला दीड सप्तकाहून जास्त अंतर भोकांनी आणि कळांनी भरून काढावं लागतं. बोटं दहाच, त्यातला उजवा अंगठा वाद्य पेलण्यात अडकलेला. न्यूरेम्बर्गच्या डेनरनं साधारण १७०० च्या सुमारास हे वाद्य घडवलं तेव्हापासून कारागिरांचं सगळं डोकं या एका हिशेबात खर्च झालंय. मोझार्टच्या काळातल्या नेहमीच्या क्लॅरिनेटला पाच कळा असत. आजच्या फ्रेंच पद्धतीच्या वाद्याला सतरा. पाच कळांत सगळे स्वर बसत नाहीत. उरलेले स्वर एखादं भोक अर्धं झाकून, किंवा मधलं उघडं ठेवून खालचं झाकून, असे आडमार्गानं काढावे लागतात. ते निघतात, पण दबके, झाकलेले, शेजारच्या स्वरापेक्षा वेगळ्या रंगाचे. याकडे नंतर परत येऊ.

त्या काळच्या वादकांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे वेगवेगळ्या लांबीची क्लॅरिनेटं ठेवणं. रचना ए मेजरमध्ये असेल तर ए क्लॅरिनेट घ्यायचं. मग वादकाच्या बोटांना ते साधं सी मेजर वाटतं, आणि आडमार्गाचे स्वर कमी लागतात. हार्मोनियमवर स्केल चेंजर सरकवून नेहमीच्याच बोटांनी दुसऱ्या पट्टीत वाजवतात, त्यातलाच प्रकार, फक्त इथे अख्खं वाद्य बदलायचं. आपल्या क्विंटेटचा सा म्हणजे पियानोवरची पांढरी सहा. त्यासाठी ए क्लॅरिनेट. आणि नेहमीचं ए क्लॅरिनेट खाली उतरत उतरत जिथे संपतं, तो स्वर आहे सी-शार्प. या पट्टीत बोलायचं तर खालचा शुद्ध गंधार.

त्याच्या खाली कोमल गंधार, रिषभ, कोमल रिषभ आणि षड्ज, हे चार स्वर वाद्यात नाहीत. म्हणजे गवई मंद्रात उतरत गंधारापर्यंत येतो आणि षड्जावर टेकायच्या आत त्याची जागा संपते. आपल्या कानाला ही गोष्ट किती खटकेल हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

मोझार्टला हे चार स्वर हवे होते, आणि त्याच्याकडे ते होते. कारण त्याच्याकडे आंटोन स्टाडलर होता.

स्टाडलर व्हिएन्नाच्या दरबारी वाद्यवृंदात होता, भाऊ योहानसह. खालच्या स्वरांचा त्याला नाद होता. वादक साधारणपणे वर चढण्यात नाव कमावतात, हा उलटा. दरबारचा वाद्यकारागीर थिओडोर लॉट्झ यानं क्लॅरिनेट खाली लांबवून एक नवं वाद्य तयार केलं. २० फेब्रुवारी १७८८ च्या व्हिएन्नातल्या एका कार्यक्रमाच्या जाहिरातीत त्याचा उल्लेख आहे, आणि तिथे ते लॉट्झचं वाद्य म्हणून सांगितलंय. नेहमीपेक्षा दोन स्वर जास्त असलेलं. पुढे स्टाडलरनं त्यात भर घातली आणि नाव त्याचंच झालं. कारागीर मागे राहिला. (आपल्याकडेही गवयांची घराणी पाठ असतात, मिरजेच्या तंबोरे करणाऱ्यांची नावं किती जणांना सांगता येतील?) त्या काळी याला 'बास क्लॅरिनेट' म्हणत. आज त्या नावाचं वेगळंच वाद्य आहे, म्हणून गोंधळ नको म्हणून विसाव्या शतकात 'बेसेट क्लॅरिनेट' हे नाव रूढ झालं.

तर हे क्विंटेट या वाद्यासाठी. २२ डिसेंबर १७८९ ला ते बुर्गथिएटरमध्ये पहिल्यांदा वाजलं, संगीतकारांच्या विधवा आणि अनाथ मुलांसाठी पैसे उभे करणाऱ्या संस्थेच्या कार्यक्रमात. पुढच्या एप्रिलमध्ये मोझार्ट त्याच्या सावकार मित्राला, पुखबर्गला, पैसे मागणारं पत्र लिहितो. त्यात काउंट हाडिकच्या घरी उद्या 'स्टाडलरचं क्विंटेट' वाजवणार असल्याचा उल्लेख आहे. 'माझं' म्हणत नाही, 'स्टाडलरचं' म्हणतो. दोघांची दोस्ती तशीच होती. मोझार्ट वारला तेव्हा त्याच्या मालमत्तेच्या यादीत स्टाडलरकडून येणं असलेले ५०० गुल्डन लिहिलेत, आणि त्याचा कागद काही झालेला नव्हता.

हस्तलिखिताचं काय झालं? मोझार्टची बायको कॉन्स्टान्झं हिनं मे १८०० मध्ये योहान आंटोन आन्द्रे या प्रकाशकाला लिहिलेल्या पत्रात याची कथा आहे. स्टाडलर म्हणतो की जर्मनीत प्रवासात त्याची पेटी चोरीला गेली आणि त्यात मोझार्टचे कागद होते. दुसरे लोक म्हणतात की पेटी चोरीला गेली नाही, त्यानं ती ७३ डुकाटला गहाण टाकली. कॉन्स्टान्झंचा कुणावर विश्वास होता हे पत्राच्या सुरावरून कळतं. कागद मात्र परत मिळाले नाहीत.

प्रकाशकापुढे प्रश्न साधा होता. स्टाडलरसारखं वाद्य बाजारात नाही. ज्याच्याकडे नेहमीचं ए क्लॅरिनेट आहे त्याला विकायचं, तर त्याला वाजवता येईल असं छापायला हवं. म्हणून खालचे स्वर उचलून वर टाकले. हे मी अंदाजानं म्हणत नाहीये. निदान क्विंटेटच्या भावंडाबाबत तरी नाही. मोझार्टनं ऑक्टोबर १७९१ मध्ये, मृत्यूच्या दोन महिने आधी, स्टाडलरसाठीच क्लॅरिनेट कॉन्चेर्टो लिहिला. तो १८०१ मध्ये छापला गेला, आणि १८०२ मध्ये लाइपझिगच्या एका संगीत नियतकालिकात त्याचं परीक्षण आलं. निनावी. परीक्षण करणाऱ्यानं मूळ पाहिलेलं होतं. तो सरळ सांगतो की मोझार्टनं हे खालच्या सी पर्यंत जाणाऱ्या वाद्यासाठी लिहिलं होतं, छापताना अमुक अमुक जागा बदलल्यात, त्याची उदाहरणंही देतो. पुढे म्हणतो की असं वाद्य दुर्मीळ असल्यानं प्रकाशकाचे आभार मानायला हवेत, पण मूळ तसंच छापून बदल बारीक स्वरांत दाखवले असते तर बरं झालं असतं. १८०२ मध्ये एका माणसानं संपादनाचं इतकं शहाणं तत्त्व सांगून ठेवलं, आणि ते पान दीडशे वर्षं कुणाच्या खिजगणतीत नव्हतं.

१९४८ मध्ये जॉर्ज डेझली या इंग्लिश अभ्यासकानं, हे परीक्षण माहीत नसताना, केवळ नोटेशनवरून संशय मांडला. मला या सगळ्या कहाणीत हा भाग सर्वात आवडतो, कारण यात नवीन कागद मिळालेला नाही, फक्त लक्ष देऊन वाचलंय. क्लॅरिनेट आर्पेजिओ वाजवत खाली उतरतं, कॉर्डचे स्वर एकामागून एक, पायऱ्या उतरल्यासारखे, आणि शेवटच्या पायरीवर येता येता उगीचच एकदम वरच्या सप्तकात उडी मारतं. तीच ओळ थोड्या वेळानं वरच्या पट्टीत येते तेव्हा सरळ उतरते, उडी नाही. मोझार्टच्या हातून एकदा असं घडलं तर तो त्याचा खेळ म्हणू. पण उडी नेमकी नेहमीच्या क्लॅरिनेटच्या खालच्या टोकाशीच, पुन्हा पुन्हा? मग ती उडी मोझार्टची नाही, नळीच्या लांबीची आहे.

क्विंटेटच्या बाबतीत आपल्याकडे असं परीक्षण नाही. फक्त हा दुसऱ्या प्रकारचा पुरावा, आणि शेजारचे पुरावे. 'ला क्लेमेन्झा दी तीतो' या १७९१ च्या ऑपेरात स्टाडलरसाठी लिहिलेल्या एका आरियात हे खालचे स्वर स्पष्ट आहेत. मोझार्ट स्टाडलरसाठी लिहिताना मंद्राशी कसा खेळतो हे तिथे दिसतं: वरचा स्वर, लगेच अगदी तळाचा, जणू एकच वाद्य दोन माणसांच्या आवाजात बोलतंय. ते मनात धरून क्विंटेटकडे पाहिलं की पहिल्या भागातले काही आर्पेजिओ, तिसऱ्या भागातला दुसरा ट्रायो, शेवटच्या भागातलं पहिलं व्हेरिएशन या जागा डोळ्यांत भरतात. कोणते स्वर नेमके किती खाली न्यायचे यावर वादकांचं एकमत नाही. प्रत्येकाची प्रत थोडी वेगळी. मला यात काही वावगं वाटत नाही. जी जागा फाटलीय तिथे ठिगळ दिसलेलं बरं.

इथपर्यंत प्रश्न फक्त स्वरांचा होता. आता वाद्याचा.

खालच्या स्वरांचा शोध लागल्यावर वाद्य परत बनवायला हवं होतं. लॉट्झनं केलेली काही वाद्यं टिकलीत, पण स्टाडलरचं बेसेट क्लॅरिनेट टिकलेलं नाही. १९५१ मध्ये प्रागमध्ये, मग १९६० नंतर इंग्लंडमध्ये ॲलन हॅकर यांनी, १९७० च्या दशकात जर्मनीत हान्स डाइन्झर यांनी लांबवलेल्या वाद्यांवर मोझार्ट वाजवायला सुरुवात केली. वाद्य दिसायचं कसं? नेहमीचं क्लॅरिनेट, जरा लांब, सरळ, खाली नेहमीचा कर्णा. तसंच असणार असं गृहीत धरलेलं होतं. ध्वनिमुद्रिकांवर 'मूळ वाद्यांवर' असं छापलेलं असायचं.

१९९२ मध्ये पामेला पूलिन या अमेरिकन अभ्यासिकेला लॅटव्हियात, रीगामध्ये, १७९४ च्या स्टाडलरच्या कार्यक्रमांच्या पत्रिका सापडल्या. त्यावर वाद्याचं चित्र कोरलेलं होतं. सरळ नव्हतंच ते. खालचं टोक वळलेलं, आणि कर्ण्याच्या जागी गोल फुगीर भोपळा, ज्याचं तोंड अरुंद. ओबोच्या एका जुन्या नातलगाला असतो तसा. म्हणजे तोवरच्या सगळ्या 'मूळ वाद्यां'चा आकार विसाव्या शतकातला होता. यानंतर एरिक होपरिक यांच्यासारख्या वादकांनी, जे स्वतः वाद्यं घडवतातही, या चित्रावरून नवी वाद्यं केली. खालचे स्वर या भोपळ्यामुळे वेगळे येतात: तोंडानं उघडे न फुटता आत घुमून, जरा बंदिस्त, गोलसर. पण चित्रावरून नळीचा आतला व्यास कळत नाही, भोकांचा कोन कळत नाही. एका पत्रिकेवरच्या नखाएवढ्या चित्रातून कारागिरानं वाद्य उभं करायचं.

बरं, खरं जुनं वाद्य हातात असेल तर प्रश्न सुटतो का? इथे माझ्या रोजच्या कामाचा विषय येतो, त्यामुळे थोडी रेंगाळते. मी लाकडात पाणी कसं शिरतं आणि बाहेर पडतं यावर काम करते, आणि सध्या एडिनबरात असते. या शहरात क्लॅरिनेटचा जगातल्या मोठ्या संग्रहांपैकी एक आहे. तो जमवला निकोलस शॅकल्टन यांनी. भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे नाव वेगळ्या कारणानं माहीत असतं. पृथ्वीच्या कक्षेतल्या बारीक बदलांमुळे हिमयुगांचं चक्र चालतं हे समुद्रतळाच्या गाळातून दाखवणाऱ्या १९७६ च्या गाजलेल्या शोधनिबंधाच्या तीन लेखकांपैकी ते एक. केंब्रिजचा हा हवामानशास्त्रज्ञ आयुष्यभर क्लॅरिनेट गोळा करत राहिला, ८०० च्या आसपास, आणि २००६ मध्ये गेला तेव्हा सगळी एडिनबरा विद्यापीठाला देऊन गेला.

अठराव्या शतकातली क्लॅरिनेटं बहुतेक बॉक्सवुडची. पिवळसर, घट्ट, अतिशय बारीक पोताचं लाकूड. आजच्या काळ्या आफ्रिकन ब्लॅकवुडपेक्षा हलकं. कुठलंही लाकूड सुकताना सगळ्या दिशांनी सारखं आकसत नाही. वाढीच्या वर्तुळांच्या बाजूनं ते जास्त आकसतं, गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेनं कमी. ढोबळमानानं दुप्पट फरक. त्यामुळे १७९० मध्ये अगदी गोल कोरलेली नळी आज अंडाकृती झालेली असते, आणि तीही सगळीकडे सारखी नाही. वाद्य संग्रहालयात बिनचूक मोजलं तरी आपण मोजतो ते दोनशे वर्षं सुकलेलं, वाकलेलं लाकूड. कारागिराला त्यावरून मागे जाऊन मूळ गोल शोधावा लागतो. आणि वाजवून बघू म्हणाल तर संग्रहालयवाले बरोबरच नाही म्हणतात. श्वासातली वाफ आतून लाकूड फुगवते, बाहेरून ते कोरडंच असतं. या ओढाताणीत लाकूड तडकतं. म्हणून जवळपास सगळे वादक नव्यानं केलेल्या प्रतींवर वाजवतात. 'पिरियड इन्स्ट्रुमेंट' म्हणून आपण ऐकतो ती वाद्यं वयानं बहुधा आपल्यापेक्षा लहान असतात.

श्वासाचा आणखी एक परिणाम कार्यक्रमात ऐकू येतो. नळीतली हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो आणि क्लॅरिनेटचा सूर चढतो, एका अंशाला साधारण तीन सेंट. अर्धस्वर म्हणजे १०० सेंट. शेजारी चार तंतुवाद्यं आहेत, तातीच्या तारांची. तात म्हणजे मेंढीच्या आतड्याची तार, आपल्या सारंगीला असते ती. खालच्या तारांवर धातूची बारीक तार गुंडाळलेली. तात दमटपणाला, दिव्यांच्या उष्णतेला लगेच दाद देते, आणि क्लॅरिनेट चढेल त्याच मापानं ती चढेल असं काही नसतं. म्हणून अशा कार्यक्रमात दोन भागांच्या मध्ये सूर लावण्यात बराच वेळ जातो. श्रोते चुळबुळतात. तंबोरा लावताना कळ काढायची सवय असलेल्या माणसाला त्याचं काही वाटू नये.

सूरही आजच्यापेक्षा खाली. आज ए म्हणजे ४४० हर्ट्झ. व्हिएन्नाच्या त्या काळासाठी आजचे वादक बहुधा ४३० धरतात. फरक ४० सेंट, अर्धस्वराच्या निम्म्याहूनही कमी. तारांवरचा ताण उतरतो, आवाज मोकळा होतो. व्हायोलिनला हनुवटी टेकवायची पट्टी नाही, चेलोला जमिनीवर टेकणारी दांडी नाही, तो पोटऱ्यांत धरायचा. गज हलका. आणि सतत हलणारा आवाज, व्हायब्रातो, तो प्रत्येक स्वरावर नाही. लेओपोल्ड मोझार्टनं, म्हणजे वडिलांनी, १७५६ च्या आपल्या व्हायोलिनच्या पुस्तकात प्रत्येक स्वर कापरा करणाऱ्यांना ताप भरलेल्या माणसाची उपमा दिलीय.

या सगळ्याचा परिणाम काय होतो हे दुसऱ्या भागात, लार्गेटोत, सर्वात स्वच्छ ऐकू येतं. व्हायोलिनवर म्यूट लावलेले. मोठ्या सभागृहात, पोलादी किंवा कृत्रिम तारांवर आणि काळ्या क्लॅरिनेटवर हे वाजतं तेव्हा क्लॅरिनेट पुढे आणि बाकी चौघं मागे, मखमली पडद्यासारखे. तात आणि बॉक्सवुड असेल तर क्लॅरिनेटचा आवाज तारांत मिसळतो. कधी कधी कुणाचा स्वर कुणाचा हे क्षणभर कळत नाही. मग लक्षात येतं की ही एका नायकाची रचना नाही. तिसऱ्या भागाचा पहिला ट्रायो अख्खा क्लॅरिनेटशिवाय आहे, स्टाडलरसारखा कलावंत हात मांडीवर ठेवून बसून राहतो. शेवटच्या भागात तिसऱ्या व्हेरिएशनला सूर मायनर होतो आणि व्हिओला कण्हल्यासारखा आपलं दुःख सांगत बसतो. बुर्गथिएटरमध्ये व्हिओला मोझार्ट स्वतः वाजवत होता असं परंपरेनं सांगितलं जातं.

आणि ते आडमार्गाचे, दबके स्वर? मी ज्यावर सर्वात जास्त वाद ऐकलाय तो मुद्दा हा. एक बाजू म्हणते, पाच कळांचं वाद्य अपुरं होतं, सतरा कळांनी ते पूर्ण झालं, मग अपुरेपणाकडे परत कशाला जायचं? मोझार्टला आजचं वाद्य मिळालं असतं तर त्यानं तेच घेतलं असतं. घेतलं असतंच, आणि मग त्यानं वेगळं संगीत लिहिलं असतं. पहिल्या भागातली दुसरी चाल घ्या. व्हायोलिन ती ई मेजरमध्ये गाते, खाली चेलो बोटांनी तार छेडतोय. मग तीच चाल क्लॅरिनेटकडे येते आणि सूर मायनर होतो. ए क्लॅरिनेटच्या बोटांना हा जी मायनर आहे. म्हणजे इतका वेळ सरळ बोटांनी, उघड्या आवाजात गाणारं वाद्य आता आडमार्गाच्या स्वरांत शिरतं. आवाजावर आपोआप सावली येते. आजच्या वाद्यावर वादकाला ही सावली अभिनय करून आणावी लागते. चांगले वादक ती आणतातही. पण जुन्या वाद्यात ती लाकडातच आहे, आणि कुठल्या स्वरावर ती पडणार हे मोझार्टला ठाऊक होतं.

हे पटायला मराठी श्रोत्याला एक वाट जवळची आहे. हार्मोनियमवरचा वाद आठवा. आकाशवाणीनं १९४० पासून तीसेक वर्षं पेटीला बंदी घातली होती, मुख्य आक्षेप हाच की सगळे स्वर ठोकून बसवलेले, रागागणिक गंधार हलत नाही. अठराव्या शतकातल्या व्हायोलिनवाल्यालाही हा मुद्दा कळला असता. लेओपोल्डच्या पुस्तकात डी-शार्प आणि ई-फ्लॅट हे वेगळे स्वर आहेत, फ्लॅट किंचित वर. पियानोवर ते एकच. तातीच्या तारांचे वादक आज परत असे वाजवू लागलेत, आणि पाच कळांच्या क्लॅरिनेटवर बोटं बदलून तो फरक बऱ्याच जागी काढता येतो. तुलना इथेच थांबवते. त्यांची श्रुती कॉर्डसाठी आहे, आपली रागासाठी.

रिचर्ड टारुस्किन या अमेरिकन संगीत-इतिहासकारानं या सगळ्या चळवळीवर टीका करताना म्हटलं होतं की 'मूळ' म्हणून जे विकलं जातं ती खरं तर विसाव्या शतकाची स्वतःची आवड आहे: हलकं, चपळ, भावनेचं ओझं नसलेलं. १९९२ च्या आधीच्या त्या सरळ बेसेट क्लॅरिनेटांकडे पाहिलं की तो बरोबर वाटतो. पण जी आवड आपलीच होती तिनं रीगाच्या पत्रिकेनंतर माघार घेतली, वाद्याचा आकार बदलला, हेही खरं. शॅकल्टननी गाळाचे थर वाचले तसं हे आहे. मॉडेल आपलं असतं, पण गाळ काय म्हणतो ते आपल्या हातात नसतं.

ऐकायचं असेल तर दोन ध्वनिमुद्रणं शेजारी ठेवा. वोल्फगांग मायर आणि मोझाइक क्वार्टेट, तातीच्या तारा आणि जुन्या धर्तीचं क्लॅरिनेट. आणि वोल्फगांगची बहीण साबिने मायर. तिचं बेसेट क्लॅरिनेट आधुनिक आहे, सगळ्या कळांसह, पण लांब. म्हणजे खालचे चार स्वर दोन्हीकडे मिळतात आणि लाकडाचा फरक तेवढा उरतो. भावंडांची ही जोडी प्रयोगासाठी इतकी सोयीची आहे की कुणी मुद्दाम आखल्यासारखी वाटते. आधी दुसरा ट्रायो ऐका, गावाकडच्या नाचासारखा आहे, क्लॅरिनेट त्यात वरून खाली झोके घेतं. मग नेहमीच्या छापील प्रतीवरून वाजवलेलं कुठलंही जुनं ध्वनिमुद्रण लावा, यूट्यूबवर डझनावारी आहेत. झोका खाली येताना कुठे अडतो, ते दुसऱ्यांदा ऐकताना तुमचं तुम्हालाच सापडेल.